मागल्या दारचं ऊन

आमच्या कोकणात ऊन विकत आणावं लागत नाही. फाल्गुनापासून मृगापर्यंत ते असं तापतं की अनवाणी माणूस खळ्यातून, म्हणजे अंगणातून, नाचत नाचत घरात पळतो. अशा मुलखात राहून, खाऊनपिऊन, चांगल्या सुस्थितीतल्या घरात नांदून माझी हाडं उन्हावाचून मऊ झाली होती. हे सांगितलं की आजकालच्या पोरी हसतात. हसा बायांनो, खुशाल हसा. मला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं, कारण माझं पहिलं मूल त्यापायी गेलं होतं आणि दुसरं पोटात होतं.

लिहायला बसले की मला शाळेतली मराठी सुचते आणि भांडायला उभी राहिले की मालवणी. या हकिकतीत भांडण बरंच आहे, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

माझं माहेर रेडीचं. वडिलांचं बंदराजवळ दुकान होतं. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला वळण लावायला कोणी नव्हतं, असं पुढे सासरी उठता बसता ऐकावं लागलं. वळण नव्हतं हे खरंच. मी गडाच्या तटावर चढायचे, ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायचे आणि उन्हाने रापून घरी आले की वडील म्हणायचे, "इली बघा आमची काळी मैना." लग्न झालं पन्नास सालानंतर काही वर्षांनी, मालवणच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका गावात. सासरच्या घराला गावात थोरलं घर म्हणत. भाताची शेती होती, माड होते, आंब्याची कलमं होती आणि गोषा होता.

गोषा म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. घरच्या लेकीसुनांनी दिवसाउजेडी पुढच्या खळ्यात यायचं नाही. देवळात जायचं तर बैलगाडीला पडदा लावून. विहिरीचं पाणी गडी आणून देणार, कपडे वाळत घालायला कामाची बाई. मागल्या दारी थोडी मोकळी जागा होती, पण तिच्याभोवती पुरुषापेक्षा उंच चिऱ्यांचा गडगा आणि वर फणसाची दाट फांदी आडवी पसरलेली. तिथे ऊन पडलंच तर चुकूनमाकून पडायचं. आम्ही बायका माजघर, स्वयंपाकघर आणि भाताची कोठी एवढ्यातच फिरायचो. आमचे हे मुंबईला नोकरीला, गणपतीला, गावच्या जत्रेला नि शिमग्याला येणार. घरात सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. मामंजी होते, थोरले दीर होते, पण ते सदा बाहेर, शेतावर नाहीतर देवस्थानच्या भानगडीत.

त्या घरातल्या बायकांचं चालणं निराळं होतं. सासूबाई आणि थोरली जाऊ दोघी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, कमरेतून हेलकावे घेत चालायच्या. उंबरठा ओलांडताना चौकट धरायची, पाटावरून उठताना गुडघ्यांवर हात रोवायचे. आणि गावाला याचं कौतुक! एखाद्या लग्नात पडद्याच्या गाडीतून आम्ही उतरलो की बायका एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, "थोरल्या घरची ती. चालण्यावरसून कळता." मी नवी आले तेव्हा माझं चालणं रेडीच्या पोरीचं, झपाझप. सासूबाई कपाळाला आठ्या घालायच्या.

"घोडी काय गो तू? हळू चल जरा. आमच्या घरात कोण असा धावणा नाय."

मग मला दिवस राहिले. पोटुशी बाई उन्हात गेली तर पोर काळं होतं आणि बाहेरचं काहीबाही लागतं, म्हणून माझं मागल्या दारी जाणंही बंद झालं. सहाव्या महिन्यात एकदा मला कैरीची अशी वासना झाली की भर दुपारी सगळ्या आडव्या झाल्यावर मी गुपचूप मागे गेले, गडग्यावरून आत झुकलेल्या आंब्याची एक कैरी काठीने पाडली आणि मीठ लावून तिथेच उभ्याने खाल्ली. नेमकं जाऊने बघितलं. ती काही वाईट नव्हती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

मुलगी झाली. घरीच, सुईणीच्या हातून. गुटगुटीत नव्हती, पण दूध छान ओढायची. तिची टाळू फार मोठी होती आणि कानामागे डोक्याचं हाड बोटाने दाबलं तर दबायचं. मला वाटलं, सगळ्याच बाळांचं असं असतं. आठवडा उलटला असेल, एका सकाळी अंगावर पाजताना तिचा एक हात थरथरायला लागला, मग दोन्ही. डोळे वर गेले, ओठ निळे पडले. आकडी! घरात धावपळ झाली, कांदा फोडून नाकाला लावला, देवळात गाऱ्हाणं घातलं. तिकडून कौल आला तो असा, की हिने पोटुशेपणी भर दुपारी बाहेर पाय ठेवला, तिच्यावर सावली पडली. आकड्या येत राहिल्या. बारशाआधीच पोर गेली. तिला नावसुद्धा नाही.

मी वेडीपिशी झाले. ती एक कैरी माझ्या घशात अडकून बसली. मला दुसरं काही सांगणारं कोणी नव्हतं, तेव्हा लोक म्हणाले ते मी मानलं आणि त्यानंतर कोणी न सांगता उन्हाचं तोंड बघायचं सोडून दिलं.

दोनएक वर्षांत माझं अंग बोलायला लागलं. कंबर ठणकायची, मांड्या भरून यायच्या, शिंक आली तर बरगड्यांतून कळ जायची. खाली बसले की उठवत नसे. आणि हळूहळू मीही दोन्हीकडे झुलत चालायला लागले. एक दिवस मी पाण्याची कळशी घेऊन माजघरातून येत होते, तर सासूबाई समाधानाने मान हलवून म्हणाल्या, "आता कशी घराण्यातली दिसतंस!" मलाही, काय सांगू, बरंच वाटलं. इतक्या दिवसांत त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक.

मग पुन्हा दिवस राहिले. यावेळी ठणका असा की कुशीवर वळताना ओरडायला होई. शिमग्याला हे आले. मी त्यांना पाटावर जेवायला वाढलं आणि उठायला गेले, तर उठताच येईना. पुढे हात टेकून चार पायांवर झाले, मग भिंत धरली. यांचा घास हातातच राहिला.

"तुका काय झाला गो?"

"माका उठाक जमणा नाय," मी म्हटलं, आणि मग जे पोटात साचलं होतं ते सगळं बाहेर आलं. "आणि आयका, ह्या पोर माका घालवूचा नाय. माका कणकवलेक डॉक्टरणीकडे घेवन चला. नाय तर मी एकटी चलत जातलंय. मगे सगळो गाव बघूंदे."

हे आईपुढे मान वर करणारे नव्हते. पण बायको खरंच रस्त्याने चालत निघेल याची त्यांना खात्री होती. मला ओळखून होते. त्यांनी घरात सांगितलं की कणकवलीच्या बाजूला जुना नवस फेडायचा राहिलाय, दोघांनीच फेडायचा असतो. नवसाला कोण नाही म्हणणार? एस.टी.त मी डोक्यावरून पदर ओढून खिडकीकडे पाठ करून बसले. प्रत्येक खड्ड्याला कमरेत कळ.

डॉक्टरीण घाटावरची होती. चष्मा, आखूड बोलणं, हाताला बांगडी नाही. मी बाकावरून उठून तिच्या टेबलापर्यंत गेले तर म्हणाली, "थांबा. परत जा आणि परत चालत या." मी गेले, आले. मनात म्हटलं, ही काय परीक्षा?

"हे असं कधीपासून चालता?"

मी पदर सावरला आणि चांगल्या ठसक्यात, शाळेतल्या मराठीत सांगितलं, "आमच्या घराण्यात असंच चालतात."

"घराण्यात म्हणजे कोण?"

"सासूबाई. आमच्या थोरल्या जाऊबाई."

"आणि घरातले पुरुष?"

मी एकेकाला डोळ्यांपुढून चालत नेलं. मामंजी ताडासारखे ताठ चालायचे. दीर बांधावरून उड्या मारत जायचे. माझा नवरा तर समोरच उभा होता, दोन्ही पायांवर सरळ. घराण्याचं चालणं, आणि घराण्यातल्या एकाही पुरुषाला ते नाही! इतकी वर्षं गावात कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, आणि माझ्याही नाही.

तिने माझ्या मांड्या दाबून बघितल्या, बरगड्या दाबल्या, मी कळवळले. मग खोदून खोदून विचारलं. काय खाता, कुठे बसता, उन्हात किती जाता. पहिल्या बाळाचं विचारलं. कानामागचं हाड दबायचं का, आकडी कोणत्या सुमाराला आली. शेवटी विचारलं, "सासूबाईंची मुलं गेली आहेत का?" गेली होती. थोरले दीर आणि हे, यांच्या मध्ये बरीच. सगळी तान्हेपणीच, आकडीने.

मग ती समजावून सांगायला लागली. हाडं चुन्याची असतात. बाळाची हाडं घडायची तर तो चुना आईच्या अंगातून जातो. पण खाल्लेल्या अन्नातला चुना अंगी लागायला एक जीवनसत्त्व लागतं, ड नावाचं, आणि ते माणसाच्या कातडीत उन्हाने तयार होतं. "घरात चुन्याची पोती भरून ठेवली," ती म्हणाली, "पण गवंडीच आला नाही, तर भिंत उभी राहील का? ऊन नाही म्हणजे गवंडी नाही. मग बाळ आईचीच हाडं पोखरतं. तरी त्याला पुरत नाही. जन्मल्यावर रक्तातला चुना कमी पडला की आकडी येते."

"ह्या बाळाचंही तसंच होईल?" मी विचारलं.

"काही केलं नाही तर होऊ शकतं. केलं तर बहुतेक नाही होणार. शब्द देत नाही, पण वेळ आहे अजून."

करायचं काय, तर रोज उन्हात बसायचं, हात, पाय, पाठ उघडी टाकून. पदराआडून नाही, खिडकीआडून नाही. डोक्यावर फडकं चालेल. नाचणी खायची, तीळ खायचे, लहान मासे काट्यासकट खायचे. पावसात ऊन नसतं, तेव्हा मोरीच्या काळजाचं तेल प्यायचं. मोरी म्हणजे ते शार्क म्हणतात तो मासा, आणि काळीज म्हणजे त्याचं यकृत. आणि बाळंतपण घरी करायचं नाही. "मऊ हाडं आवळून वाट अरुंद झालेली असू शकते. दिवस भरत आले की इथे यायचं. काय लागेल ते इथे करता येईल."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. पदर मागे टाकला. माझं डोकं असं तापलं होतं! माझी पोर मी एकदा उन्हात गेले म्हणून मेली नव्हती. एकदाच गेले म्हणून मेली होती. त्या कैरीसाठी मी स्वतःला किती जाळून घेतलं होतं, आणि पोटातलं पोर जपायचं म्हणून सगळ्यांनी मिळून मला कोंडलं होतं कुठे, तर काळोखात. मी रडले नाही. कासालच्या फाट्याला गाडी थांबेपर्यंत माझं ठरलं होतं. हे पोर जगणार. घर राहो की जावो, हे पोर जगणार.

घरी आल्यावर मी नवसाचं खोटं पुढे चालवलं नाही. सरळ सांगून टाकलं. आणि जे व्हायचं ते झालं.

"दिसाढवळ्या उन्हात बसतलंस?" सासूबाई कडाडल्या. "हातपाय उघडे टाकून? मजुरीण काय तू? पोर काळा होतला!"

"काळा होवंदे," मी म्हटलं. "पण जगाक होया."

"आणि माडार चढलेलो पाडेली बघतलो तो?"

खरंच, गडग्याबाहेर माड होते आणि नारळ काढायला पाडेली चढला की त्याला आमचं मागलं दार ताटासारखं दिसायचं. घराण्याची अब्रू त्या एका पाडेल्याच्या डोळ्यांत येऊन बसली होती.

"तेका सांगा, नारळाकडे बघ म्हणान," मी म्हटलं. "माका बघीत रवलो तर पडतलो खाली."

जाऊ तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. मी डॉक्टरणीचं सगळं बोलणं सांगत होते तेव्हा त्या फणफणत ऐकत होत्या, पण आकडीची गोष्ट निघाली तशा उठल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. मला वाटलं, हट्टी म्हातारी, ऐकायचंच नाही हिला.

पण नुसतं बसायचं ठरवून ऊन थोडंच मिळतं? फणसाची फांदी होती ना आडवी. गड्याला सांगितलं तर तो सासूबाईंच्या हुकुमाशिवाय कोयत्याला हात लावेना. ही फांदी कापा-फणसाची, भरघोस फळणारी, झाड मामंजींनी हाताने लावलेलं. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी हे शर्ट काढून, कोयता कमरेला लावून फणसावर चढले. मुंबईत खुर्चीवर बसणारा माणूस, हाताला फोड आले. सासूबाई खालून ओरडत होत्या, "अरे, फळती फांदी ती!" फांदी कडाडून खाली आली तेव्हा हे वरूनच म्हणाले, "फांदी परत येतली, आये. गेला ता पोर परत येवक नाय." माझ्या नवऱ्याने आईपुढे जन्मात काढलेला एवढाच शब्द. पण काढला हो. मी दारात उभी राहून तेव्हा मात्र रडले.

दुसऱ्या दिवसापासून मागल्या दारी ऊन यायला लागलं. मी गोणपाट टाकून बसायचे. डोक्यावर ओलं फडकं, लुगडं गुडघ्यांपर्यंत वर, पोलक्याच्या बाह्या वर सारलेल्या, पाठ सूर्याकडे. पहिल्यांदा कातडी चरचरली, मग तिला आठवलं असावं रेडीचं. सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. काही लागलं तर भिंतीला सांगायच्या, "कोणी तरी भात उकडूक घाला." मी भिंतीच्या वतीने भात घालायचे. घरात कोणी आलं की त्या मागलं दार लोटून घ्यायच्या. मी आतून कडी लागेल म्हणून दारात पाटा आडवा ठेवायचे. एकदा त्यांनी कामाच्या बाईकरवी माझ्या जागेवर झावळांचा मांडव घालायला लावला, आमसुलं सुकवायला सावली हवी म्हणे! सावलीत कोण आमसुलं सुकवतो? मी एकेक झावळ उपसून गडग्याला टेकवली आणि पुन्हा बसले. चैत्र गेला, वैशाख गेला. जाऊ आधी दारातून बघायची, मग कुळीथ निवडायला म्हणून सूप घेऊन उंबरठ्यावर बसायला लागली, आणि वैशाखात सूप घेऊन थेट माझ्या गोणपाटावर आली. "कावळे राखूक इलंय," म्हणाली. तिथे कावळा नव्हता आणि राखण्यासारखं काही नव्हतं. मी तिला जागा दिली.

पाऊस लागला आणि ऊन बंद झालं. आता तेलाची पाळी. दवाखान्यातून आणलेली बाटली मी उघडली, तो वास घरभर. सासूबाईंनी भिंतीशी बोलायचं विसरून थेट मला विचारलं.

"ह्या तर होडयेक लावतत ता तेल! माझी सून काय होडी आसा?"

त्यांचं चूक नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर मोरीची काळजं कढवून त्याचं तेल होड्यांना चोपडतात, लाकूड टिकावं म्हणून. बाटलीतलं तेल स्वच्छ केलेलं, औषधाचं, पण वासाने ते त्याच्याच घरचं. चमचा घशाखाली घातला की दुपारपर्यंत ढेकर यायचे आणि प्रत्येक ढेकराला वाटायचं आपण खाडीत नांगरलेले आहोत. नाक दाबून मी रोज प्यायले. लाकूड टिकतं तर हाडंही टिकतील, मी मनात म्हणायचे.

खरी पंचाईत श्रावणात झाली. आमच्याकडे एरवी मासळीशिवाय घास उतरत नाही, पण श्रावण पाळायचा म्हणजे पाळायचा. मासळीचं भांडंसुद्धा माळ्यावर जातं. पहिल्याच दिवशी मी चमचा भरला, तर सासूबाईंनी येऊन बाटलीवर हात ठेवला.

"श्रावणात घरात मासो? देवाक काय सांगतलंस?"

माझा आठवा महिना. दोन पावलं टाकली तर धाप लागे. तरी मी त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला. "देवाक काय सांगूचा ता मी सांगतलंय, आये. पहिल्याच्या वेळेक तेना माका काय विचारूक नाय, आता मी तेका विचारूचंय नाय." आणि त्यांच्यासमोर तेल प्यायले. असं बोलणं त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता उचलून बाहेर टाकतात. त्यांनी बाटलीला बूच लावलं. मग म्हणाल्या, "मागसून थोडा गूळ खा. वास जाता." आणि गेल्या. मी गुळाचा खडा तोंडात धरून कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी उभी आहे, आणि चौकट न धरता. कंबर दुखत होती, पण ती आठव्या महिन्याची दुखणी, ती हाडांतली मुरलेली कळ नव्हती.

भाद्रपदात गणपती झाले आणि विसर्जनानंतर हे मला घेऊन कणकवलीला गेले. थोरल्या घरचं मूल दवाखान्यात जन्मणार म्हणून मामंजी जेवले नाहीत. न जेवोत. डॉक्टरणीने तपासलं, म्हणाली, वाट थोडी अरुंद आहे, प्रयत्न करू, नाहीतर पोट उघडू. मी म्हटलं, "काय वाटेल ते करा, बाई. चिरा, कापा. पोर द्या." दीड दिवस मी कळा दिल्या. शिव्याही दिल्या, सगळ्या मालवणीत, घाटावरच्या बाईला त्यातल्या किती कळल्या देव जाणे. पोट उघडावं लागलं नाही. मुलगी झाली. आणि हो, काळीच झाली, बापावर गेली!

मी आधी तिच्या कानामागे बोट लावून बघितलं. हाड घट्ट होतं.

तरीही माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पहिलीला आकडी आली होती तो सुमार यायचा होता. तोवर मी तिला खाली ठेवलं नाही. तिने झोपेत हात झटकला की मी तिचे ओठ निळे पडलेत का ते बघायचे. परिचारिका ओरडायची, आई, झोपा जरा. तो दिवस आला, गेला. दुसरा गेला. पंधरवडा गेला. पोर दूध प्यायची, ढेकर द्यायची, आणि माझ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघायची, थेट सासूबाईंसारखी.

घरी आले तेव्हा पाऊस संपून कोवळी उन्हं पडायला लागली होती. डॉक्टरणीने बाळालाही ऊन द्यायला सांगितलं होतं. मी मागल्या दारी पाय पसरून बसायचे, पोरीला पायांवर आडवी घालून खोबरेल चोळायचे. आता मला कोणी अडवत नव्हतं. सासूबाई पोरीला घ्यायच्या, न्हाऊ घालायच्या, दृष्ट काढायच्या, पण उन्हाच्या वेळी दारात येऊन सावलीत उभ्या राहायच्या. उंबरठ्याबाहेर नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी त्या तशाच उभ्या होत्या. जाऊ आत होती. पोर तेलाने चकचकीत होऊन पाय झाडत होती.

"त्या डॉक्टरणीन माझ्या पोरांचा विचारल्यान मा?" त्या एकदम म्हणाल्या.

हे त्यांना यांनी कधीतरी सांगितलं असणार. मी म्हटलं, "होय."

"मगे ती काय म्हणाली?"

डॉक्टरीण म्हणाली होती, "त्यातली बरीच वाचली असती." हे वाक्य मी त्या दिवसापासून जपून ठेवलं होतं. झावळा घातल्या त्या दिवशी ते माझ्या जिभेवर आलं होतं. बाटलीवर हात ठेवला त्या दिवशी आलं होतं. म्हटलं होतं, एक दिवस असा येईल की हे मी तोंडावर फेकीन आणि ही म्हातारी जागच्या जागी बसेल. आता त्या स्वतः विचारत होत्या, आणि मला ते उच्चारवेना. चौकटीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"रवांदे," त्याच म्हणाल्या. "सांगा नको. माका कळला तेव्हाच."

मग त्यांनी चौकट धरून एक पाय उंबरठ्याबाहेर टाकला, मग दुसरा, आणि झुलत झुलत उन्हात आल्या. माडावर पाडेली चढलेला होता, त्याची कोयती वाजत होती. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. माझ्या गोणपाटाशी येऊन गुडघ्यांवर हात रोवून कशाबशा बसल्या आणि हात पुढे केले. मी पोर त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी तिच्या टाळूवरून बोट फिरवलं, कानामागून फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्यांच्या उघड्या दंडावर ऊन पडलं होतं आणि तो दंड दुधासारखा पांढरा होता.

"माका कोणी असा उन्हात बसवूक नाय गो, बाय," त्या म्हणाल्या.